नदी समुद्रास मिळते तेथील चिखल

शाळेच्या भूगोलांतील नद्यांचा धडा बहुधा एकाच वाक्यानें संपतो : अमुक नदी अमुक समुद्रास मिळते. हें वाक्य आम्हीं इतकीं वर्षें मुलांकडून घोकून घेतलें कीं, त्याचें व्याकरण झोपेंतहि चालवून दाखवूं. परंतु त्यांतील 'मिळते' या लहानशा क्रियापदाच्या पोटांत काय काय सांठलेलें आहे, याचा विचार वर्गांत सहसा होत नाहीं. घंटा होते, नकाशा गुंडाळला जातो, आणि नदी तेथेंच संपली असें समजून मुलें घरीं जातात. वस्तुतः नदीच्या आयुष्यांतील एक फार महत्त्वाचें प्रकरण तेथें सुरू होतें, व तें तळच्या चिखलांत चालतें. या महिन्यांत आम्ही वाचकांस त्या चिखलांत घेऊन जाणार आहों.

नागपूरकर वाचक विचारतील कीं, आपणांस खाडीशीं काय कर्तव्य? पूर्वेचा समुद्र दूर आणि पश्चिमेचाहि दूर. पण पाण्याचा हिशेब निराळा असतो. लाव्हा गांवच्या टेंकड्यांकडून निघालेली आपली नाग नदी शहर ओलांडून कन्हानेस मिळते. कन्हान वैनगंगेस मिळते. वैनगंगा व वर्धा एक झाल्या म्हणजे त्यांस प्राणहिता म्हणतात. प्राणहिता सिरोंच्यापाशीं गोदावरींत शिरते. आणि गोदावरी आंध्र प्रदेशांत धवळेश्वरच्या खालीं गौतमी, वसिष्ठा इत्यादि शाखांनीं फुटून बंगालच्या उपसागरास जाते. गौतमीच्या मुखाजवळ काकिनाड्याचें आखात आणि कोरिंगाचें कांदळवन आहे. म्हणजे महालांतील एखाद्या घराच्या मोरींतून निघालेलें पाणी ज्या वाटेला लागतें, ती वाट शेवटीं त्या आखाताच्या चिखलाकडे जाते. मध्यें धरणें आहेत, बंधारे आहेत. तरी उतार तिकडचाच आहे.

आतां तेथें घडतें काय तें पाहूं. गोडें पाणी हलकें व खारें पाणी जड. त्यामुळें नदीमुखाशीं दोन्ही एकदम एकजीव होत नाहींत. वरून नदी समुद्राकडे जाते, आणि तिच्या खालून समुद्राच्या पाण्याची जीभ नदींत शिरते. भरतीबरोबर ती वर सरकते, ओहोटीबरोबर मागें हटते. नदीनें आणलेली माती इतकी बारीक असते कीं, गोड्या पाण्यांत ती दिवसेंदिवस तरंगत राहील. पण खारटपणाचा स्पर्श झाला कीं तिचे कण एकमेकांस चिकटतात, त्यांचे पुंजके बनतात, आणि ते तळाशीं बसतात. पावसाळ्यांत गढूळ पाण्याच्या हंड्यांत तुरटी फिरविल्यावर जें होतें, त्यासारखाच हा प्रकार होय. या गाळाबरोबर कुजलेलीं पानें, शेतांतील व रानांतील सत्त्व, आणि सूक्ष्म वनस्पतींचे अवशेष हींहि खालीं येतात. सहस्रावधि चौरस मैलांच्या मुलुखाचा कस अशा रीतीनें थोडक्या जागेंत गोळा होतो.

जागा कसदार खरी, पण तेथें संसार मांडणें सोपें नाहीं. समुद्राच्या हजार भाग पाण्यांत सुमारें ३५ भाग क्षार असतात. नदींत जवळजवळ नसतातच. नदीमुखाशीं हें प्रमाण ऋतूप्रमाणें तर बदलतेंच, पण एकाच दिवसांत भरती-ओहोटीनेंहि बदलतें. समुद्राचे प्राणी गोड्या पाण्यांत टिकत नाहींत, व नदीचे प्राणी खाऱ्या पाण्यांत जगत नाहींत. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ आडोल्फ रेमाने यानें १९३४ सालीं बाल्टिक समुद्राच्या अभ्यासावरून असें दाखविलें कीं, क्षारांचें प्रमाण हजारीं ५ ते ८ च्या सुमारास असतें तेथें प्राण्यांच्या जाती सर्वांत कमी आढळतात. शिवाय चिखलाच्या वरच्या पातळ थरांतच काय तो प्राणवायु. त्याखालीं चिखल काळा असून त्यास गंधकाचा उग्र दर्प येतो. एवढीं संकटें सोसून जे तेथें राहिले, त्यांस मात्र अन्नाची वाण नाहीं. जाती थोड्या, पण प्रत्येकीचा वंशविस्तार अफाट, असा तेथील नियम आहे.

तळाशीं राहणाऱ्या या कणाहीन जीवांस शास्त्रज्ञ नितलस्थ प्राणी म्हणतात. ते पाहण्याची रीत आमच्या गृहिणींस अपरिचित वाटणार नाहीं. पोलादी जबड्याचें एक यंत्र दोरानें तळाशीं सोडून ठराविक मापाचा चिखल उचलतात, आणि तो अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांच्या चाळणींतून धुतात. चाळणींत उरतात ते मोठे प्राणी. गळून जातात ते सूक्ष्म, त्यांच्यासाठीं आणखी बारीक चाळण लागते. वरच्या चाळणींत जें उरतें त्याचे तीन वर्ग सहज करतां येतात. पहिला वर्ग कृमींचा : गांडुळाचेच हे दूरचे आप्त, पण यांच्या प्रत्येक वलयास दोन्ही बाजूंनीं केंसांचे झुबके असतात, कोणी बिळांत राहतो, कोणी वाळूच्या कणांची नळी बांधून तींत बसतो. दुसरा वर्ग शिंपल्यांचा व गोगलगायींचा. ज्यांस कोंकणांत तिसऱ्या, मुळे, कालवें म्हणतात ते सर्व यांतले. तिसरा वर्ग सांधेदार पायांच्या कवचधारी प्राण्यांचा : कुर्ल्या, चिंबोऱ्या आणि कोळंबीचे लहानसहान भाऊबंद.

आमच्या पुष्कळ वाचकांच्या स्वयंपाकघरांत यांपैकीं कांहींहि शिजत नाहीं, हें आम्ही जाणून आहों. तरी संबंध अगदींच नाहीं असें कोणी समजूं नये. वैद्याकडून आणलेलें शुक्तिभस्म शिंपल्याचें, कपर्दिकभस्म कवडीचें. आणि देवघरांतला शंख? तो जिवंत असतांना मन्नारच्या आखातासारख्या उथळ समुद्राच्या वाळूंत रांगत होता, आणि त्याचें मुख्य भक्ष्य हेच तळचे कृमी होते. ज्या शंखोदकानें आपण देवास स्नान घालतों, त्या शंखाचा पिंड चिखला-वाळूंतील किड्यांवर पोसला गेला आहे. यांत शंखाची पवित्रता उणावत नाहीं; कृमींची प्रतिष्ठा मात्र थोडी वाढावी.

आतां या मंडळींचा उद्योग पाहूं. गांडूळ शेतांतील माती खाऊन वर टाकतें व अशा रीतीनें जमीन नांगरतें, हें चार्ल्स डार्विन यानें १८८१ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविल्याचें वाचकांस ठाऊक असेल. खाडींतील कृमी तेंच काम पाण्याखालीं करितात. ते चिखल गिळतात, त्यांतील सडका अंश पचवितात, व उरलेला बाहेर टाकतात. त्यांच्या बिळांतून वरचें पाणी खालीं खेळतें, आणि जेथें प्राणवायु पोंचला नसता तेथें तो पोंचतो. काळ्या चिखलांत बिळाभोंवतीं तांबूस कडें दिसतें तें याच कारणानें. शिंपल्यांची तऱ्हा निराळी. ते जागेवर बसून पाणी आंत ओढतात, त्यांतील तरंगतें अन्न गाळून घेतात, आणि स्वच्छ पाणी बाहेर सोडतात. चांगलें वाढलेलें एक कालव तासाला कांहीं लिटर पाणी गाळतें. अशीं लाखों कालवें जेथें आहेत तेथें किती पाणी गाळलें जात असेल याचा गुणाकार मुलांनीं करावा. कुर्ल्या पानें व मृत देह यांचा फडशा पाडतात. आणि या सर्वांस मासे, कोळंबी व पाणपक्षी खातात. समुद्रांतील अनेक मासे व कोळंबी बालपणीं खाडींत येऊन वाढतात, तीं याच अन्नाच्या आशेनें.

या सर्वांस मिळून एक समाज मानावा, ही कल्पनाच मुळीं अशा चिखलांतून निघाली, हें सांगतांना आम्हांस थोडा अभिमान वाटतो. कारण ती ज्यानें मांडली तो कार्ल मोबिअस पूर्वी हांबुर्ग येथें शाळामास्तर होता. पुढें तो कील येथें प्राध्यापक झाला. त्याच्या सरकारनें त्यास विचारलें कीं, आपल्या किनाऱ्यावर कालवांची लागवड करतां येईल काय? त्यानें कालवांचे तळ पाहिले, आणि १८७७ सालच्या आपल्या पुस्तकांत असें लिहिलें कीं, कालवांचा तळ म्हणजे केवळ कालवांचा ढीग नव्हे; तेथील कृमी, खेकडे, इतर शिंपले, सर्व परस्परांवर अवलंबून असलेली एक वस्ती आहे. कालवें अतोनात काढून नेलीं तर मोकळी झालेली जागा दुसरे शिंपले बळकावतात, आणि कालवें परत येणें कठीण होतें. या वस्तीस त्यानें एक नवें नांव दिलें. आपण त्यास जीवसमाज म्हणूं. पुढें डेन्मार्कमधील योहानेस पेटरसन यानें विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत जबड्याच्या यंत्रानें तळाचा चिखल मोजून उचलण्यास आरंभ केला, आणि माशांचें खाद्य कोठें किती आहे याची शिरगणती सुरू झाली.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हा विचार परका वाटूं नये. घरांतील एक वडीलधारी आत्याबाई गेल्या म्हणजे चुलीपासून देवघरापर्यंत सर्वांचीं कामें बदलतात, आणि त्या काय करीत होत्या हें मग कळतें. फरक इतकाच कीं, त्या चिखलांत कोणी कर्ता पुरुष नाहीं आणि मायाहि नाहीं. जो तो आपलें पोट भरतो, आणि त्या पोट भरण्यांतच शेजाऱ्याची सोय किंवा गैरसोय होऊन जाते.

आपल्या प्रांताजवळचें उदाहरण गोव्याचें आहे. तेथें दोनापावल येथें राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे; ती १ जानेवारी १९६६ रोजीं स्थापन झाली. त्या संस्थेंतील अरुण पारुळेकर व त्यांचे सहकारी यांनीं १९७० नंतरच्या वर्षांत मांडवी व झुआरी या नद्यांच्या मुखांचा तळ महिन्यामागून महिने तपासला. जून महिन्यांत पावसाळा सुरू होतो, नद्यांस पूर येतो, आणि खाडीचें पाणी कांहीं ठिकाणीं जवळजवळ गोडें होतें. त्यासरशी तळच्या वस्तीचा मोठा भाग नाहींसा होतो. कांहीं शिंपले दारें घट्ट लावून बसतात, कांहीं कृमी खोल जातात, कारण वरचें पाणी गोडें झालें तरी खोल चिखलांतील पाण्यांत खारटपणा बराच काळ टिकतो, बाकीचे मरतात. पाऊस ओसरला, समुद्राचें पाणी पुन्हां आंत आलें, कीं त्याबरोबर डिंभ येतात. डिंभ म्हणजे या प्राण्यांचीं पाण्यावर तरंगणारीं, डोळ्यांस न दिसणारीं बाळें. तीं तळाशीं उतरतात, जागा जणूं चांचपून पाहतात, पसंत पडली तर तेथें वस्ती करितात. हिवाळ्यांत खाडी पुन्हां गजबजते. दरवर्षीं उजाड व्हावयाचें आणि दरवर्षीं पुन्हां वसावयाचें, असा हा गांव आहे.

समुद्राकांठीं राहणारांनींच असले अभ्यास करावे असेंहि नाहीं. रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या खाडींतील शिंपल्यांची वाढ व प्रजनन यांचा अभ्यास १९७० च्या दशकांत केला, तो तेव्हांच्या मराठवाडा विद्यापीठांतील नागभूषणम् व माने यांनीं. औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराहून, खाडी कांहीं खिडकींतून दिसत नाहीं!

येथवरची हकीकत ऐकून कोणी म्हणेल कीं, दरवर्षीं पुरानें मरून पुन्हां उठणारी ही वस्ती मोठी चिवट दिसते. तिची काळजी कशाला? खरी गोष्ट अशी आहे कीं, ती चिवट आहे ती ठराविक संकटांपुरती. पूर हजारों वर्षें येत आहे, त्याची तिला संवय आहे. माणसानें नदीच्या वरच्या अंगास आरंभिलेल्या उद्योगांची तिला संवय नाहीं. त्यांचे परिणाम तीन प्रकारचे दिसून येतात.

पहिला, गाळ फार येणें. गोव्यांत मांडवीच्या वरच्या भागांत लोखंडाच्या खाणी निघाल्या, व त्यांची माती पावसानें नदींत उतरली. १९८६ सालीं पारुळेकर, अन्सारी व इंगोले यांनीं या मातीचा शिंपल्यांवर व तळच्या प्राण्यांवर झालेला परिणाम प्रसिद्ध केला. शिंपल्यांचें उत्पन्न घटलें व तळची वस्ती विरळ झाली, असा त्याचा आशय आहे. पाणी गाळून जगणाऱ्या प्राण्याच्या गाळणींत माती भरली तर दुसरें काय व्हावयाचें? ओहोटीच्या वेळीं गुडघाभर चिखलांत वांकून तिसऱ्या वेंचणाऱ्या ज्या बाया आहेत, त्यांची टोपली त्या दिवशीं रिकामी राहते. खाण त्यांच्या गांवांत नसते, आणि तिचा पैसाहि त्यांच्या घरीं येत नाहीं.

दुसरा, गाळ न येणें. हें आपल्या गोदावरीचें दुखणें. तिच्या व तिच्या उपनद्यांच्या मार्गांत धरणें झालीं, गाळ त्यांत अडकला, व गेल्या पन्नास वर्षांत मुखाशीं पोंचणारा गाळ पुष्कळ घटला. ज्या त्रिभुजप्रदेशाची भर नदीनें घालावयाची, त्याचा किनारा आतां कांहीं ठिकाणीं समुद्र खात आहे. काकिनाड्याजवळील उप्पाडा गांवीं हें प्रत्यक्ष दिसतें. काकिनाड्याच्या आखाताचा तळ शिंपल्यांविषयीं प्रसिद्ध आहे. तेथें एक शिंपला असा मिळतो कीं त्याचें रक्त आपल्यासारखें लाल असतें. दुसरा कागदासारखा पातळ व अर्धपारदर्शक. गोव्यांतील जुन्या घरांच्या खिडक्यांस कांचेऐवजीं बसविलेला असतो तो याच जातीचा. अशा वस्तीचें घर म्हणजे तिचा तळ. तो तळ ज्या मातीचा बनतो, ती माती आमच्याकडून जावयाची असते.

तिसरा परिणाम घाणीचा, आणि येथें प्रत्येक घराचा संबंध येतो. मैल्यांतील सडका अंश चिखलांत बेताचा पडला तर तळच्या प्राण्यांस तें खाद्यच होतें. पण तो अती झाला म्हणजे सडण्यांत प्राणवायु खर्च होतो, आणि वस्तीची घडी पालटते. १९७८ सालीं पिअर्सन व रोझेनबर्ग या दोन संशोधकांनीं या पालटाचा क्रम मांडला. आधीं मोठे, सावकाश वाढणारे, खोल बिळें करणारे प्राणी जातात. मग जाती एकामागून एक कमी होतात. पण डोक्यांची संख्या मात्र एकदम वाढते, कारण घाणींत तग धरणारे थोडे लहान कृमी बेसुमार माजतात. शेवटीं तेहि जातात व नुसता काळा चिखल उरतो. यावरून एक धडा घेण्यासारखा आहे. चिखलांत किती प्राणी वळवळतात हें मोजून भागत नाहीं. किती प्रकारचे आहेत हें पाहावें लागतें. गर्दी हें आरोग्याचें लक्षण नव्हे.

हाच न्याय गोड्या पाण्यासहि लागू आहे, आणि त्याची साक्ष पाहण्यास काकिनाड्यास जाण्याचें कारण नाहीं. शहरांतील घाण पाण्याच्या कांठच्या चिखलांत लाल सुतासारखे कृमी पुष्कळदां झुलतांना दिसतात. त्यांचें रक्त लाल असतें म्हणून थोडक्या प्राणवायूवरहि ते जगतात. ज्या ओढ्याच्या दगडाखालीं नाना प्रकारच्या माशांच्या अळ्या, गोगलगायी व शिंपले सांपडतात तो ओढा निरोगी. जेथें हीं लाल सुतेंच उरलीं तो रोगी. आपल्या देशांत नद्यांच्या परीक्षेसाठीं रसायनांबरोबर तळचे प्राणीहि तपासण्याची पद्धत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें घातली आहे. रसायनांची परीक्षा त्या क्षणाचें पाणी सांगते. तळचा प्राणी गेल्या कित्येक महिन्यांची साक्ष देतो, कारण त्याला पळून जातां येत नाहीं.

नाग नदीची आजची स्थिति काय आहे हें पुलावर क्षणभर उभें राहिल्यास कळतें. १९८८ सालीं पायाभरणी झालेलें गोसीखुर्द धरण वैनगंगेवर, पवनीजवळ, आहे. नागेची घाण तेथवर येते अशी भंडाऱ्याकडील लोकांची तक्रार जुनी आहे. ती घाण जशीच्या तशी काकिनाड्यास पोंचत नाहीं. वाटेंत सडते, विरते, धरणाच्या तळाशीं बसते. पण जेथें बसते तेथेंहि चिखल आहे, आणि त्या चिखलांतहि वस्ती आहे. आपल्या शहरांत उपाय सुचविणारांचा तोटा नाहीं. १९५८ सालीं स्थापन झालेली व १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था या नांवानें चालणारी संस्था नागपुरांतच आहे. भांडेवाडीस सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्रास देण्याची व्यवस्थाहि झाली आहे. हीं कामें मोठ्यांचीं. घरचीं कामें लहान असलीं तरी तीं दुसरा कोणी करणार नाहीं. तळणीचें उरलेलें तेल मोरींत ओतूं नये. जुन्या औषधांच्या गोळ्या पाण्यांत सोडूं नयेत. निर्माल्य पिशवींत बांधून पुलावरून टाकणें हा तर धर्म नव्हेच. तें परसांत किंवा कुंडींत मातीआड करावें. गणपति शाडूचा आणावा व घरच्या बादलींत विसर्जन करावा.

संस्कृतांत पंकप्रक्षालनन्याय म्हणून एक न्याय आहे. चिखल अंगास लावून मग धूत बसण्यापेक्षां त्यास दुरून न शिवणेंच बरें, असा त्याचा अर्थ आहे. आमच्या पिढीनें तो केवळ स्वतःच्या सोंवळ्यापुरता लावला, आणि चिखलाकडे पाठ फिरविली. नदीच्या बाबतींत त्याचा अर्थ उलट बाजूनें लावला पाहिजे : आधीं चिखल बिघडवून मग तो सुधारण्याचे खर्च करण्यापेक्षां, त्यास आपली घाण न शिवूं देणें बरें. येत्या सुटींत ज्या कुटुंबांचा बेत रत्नागिरीचा किंवा गोव्याचा असेल, त्यांनीं मुलांस एकदां ओहोटीच्या वेळीं खाडीच्या कांठीं न्यावें, व तिसऱ्या वेंचणाऱ्या बायांशीं दोन शब्द बोलावे. त्या चिखलाविषयीं त्यांना जें ठाऊक आहे तें आमच्या पाठ्यपुस्तकांत नव्हतें.

पुढील अंकीं कांदळवनाच्या झाडांविषयीं लिहूं. तीं खाऱ्या पाण्यांत उभीं राहून गोडें पाणी कसें पितात, हाहि एक पाहण्यासारखा विषय आहे.